बँक नाही, मग घर तपासणार कोण?

आपल्याकडे घर घ्यायची चर्चा निघाली की तीन प्रश्न ठरलेले असतात. भाव काय? मशीद किती लांब? शेजार कसा? इमारत कशी आहे, हा चौथा प्रश्न फार कमी लोक विचारतात. एखाद्याने विचारलाच तर उत्तर मिळतं, "बिल्डर आपलाच माणूस आहे." मग चहा येतो, बयाणा ठरतो आणि तो प्रश्न तिथेच राहतो.

शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे मुकुंदनगर, भिंगार, झेंडीगेट, सर्जेपुऱ्यातले ओळखीचे लोक खरेदीखताचा मसुदा घेऊन येतात. "सर, जरा वाचून सांगा, यात काय लिहिलंय." उर्दू माध्यमात शिकलेल्या वडीलधाऱ्यांना सरकारी मराठीची भीती वाटते. खरं तर त्या कागदातले अर्धे शब्द त्यांच्याच घरातले असतात. दस्त, कब्जा, हक्क, हद्द, वारस, मालमत्ता, नक्कल, इनाम. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं की त्यांचा चेहरा सैल होतो. कागद वाचून झाला की मी विचारतो, "चाचा, घर कुणाला दाखवलं?" बहुतेकांचं उत्तर असतं, "घरातले सगळे जाऊन आले."

घरातले सगळे जाऊन आले म्हणजे काय झालं? किचन केवढं आहे ते पाहिलं, हॉलमध्ये सोफा कुठे बसेल ते ठरलं, गॅलरीतून रस्ता दिसतो का ते बघितलं. कॉलमकडे कोणी पाहिलं नाही. गच्चीवर कोणी गेलं नाही. गेलं तरी तिथून चांदबीबीचा महाल दिसतो का, हे पाहायला.

ही बेफिकिरी सगळ्याच समाजांत आहे, मला ठाऊक आहे. पण आपल्या बाबतीत तिला एक वेगळी बाजू आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्यातली बरीच कुटुंबं व्याज टाळायचं म्हणून गृहकर्ज घेत नाहीत. भिशी उचलतात, बायकोचं सोनं मोडतात, गावाकडची दोन गुंठे जमीन विकतात, आखाती देशातला भाऊ काही पाठवतो, मेहुणा हातउसने देतो. पंधरा-वीस वर्षांची कमाई एका दिवसात रोख किंवा चेकने समोरच्याच्या हाती जाते. गृहकर्ज जायज की नाजायज, यावर उलेमांमध्येच मतभेद आहेत. त्यात पडायची माझी पात्रता नाही. जो माणूस व्याज नको म्हणून दहा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढतो, त्याच्याविषयी मला आदर आहे.

मात्र एक गोष्ट त्याच्या लक्षात येत नाही. बँकेकडे गेलेल्या माणसाला कर्जाबरोबर दोन माणसं मिळतात. एक बँकेच्या पॅनेलवरचा वकील. तो मिळकतीचे जुने दस्त, बहुधा तीस वर्षांमागचे, काढून सर्च रिपोर्ट देतो. दुसरा व्हॅल्युअर. तो जागेवर येतो, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम ताडून बघतो, इमारतीचं वय आणि अवस्था लिहितो. ही तपासणी बँक स्वतःचे पैसे बुडू नयेत म्हणून करते, आपल्यासाठी नाही. पूर्ण तपासणीही ती नसते. तरी ज्या घरावर बँक कर्ज नाकारते, त्या घरात काहीतरी गडबड आहे एवढं तरी कळतं. रोखीने घेणाऱ्याला तेवढंही कळत नाही. उलट काही बिल्डर अशाच गिऱ्हाइकाच्या शोधात असतात. "लोन नको ना? मग कागदांचा त्रास नाही," हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. ऐकणाऱ्याला ते सवलतीसारखं वाटतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. त्यावरच्या कर्जाला हे प्रमाण आणखी कमी आहे. म्हणजे बँक कधीच शंभर टक्के जोखीम घेत नाही आणि तरीही तपासते. आपण शंभर टक्के घालतो आणि तपासत नाही.

न तपासलेल्या घराचं काय होतं, हे आपण दोनदा फार जवळून पाहिलं आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ती इमारत काही महिन्यांत मजल्यावर मजला चढवत उभी केली होती आणि काम पूर्ण होण्याआधीच खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आली होती. २४ ऑगस्ट २०२० ला रायगड जिल्ह्यातल्या महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, १६ माणसं मेली. मुंब्र्याची इमारत बेकायदा होती म्हणून आपण मनाची समजूत घालू शकतो. महाडची समजूत कशी घालणार? ती मोडकळीला आलेली जुनी चाळ नव्हती. नव्या काळातली, आरसीसीची, लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या फ्लॅटची इमारत होती. त्या प्रकरणात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट आणि नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे ज्यांच्या सह्या बघून आपण निश्चिंत होतो, तेच लोक आरोपी झाले.

इमारत पडणं हे टोकाचं झालं. आपल्या नगरमध्ये घर घेऊन फसलेल्या शंभरातल्या नव्व्याण्णवांची इमारत पडत नाही. ती फक्त गळते, खचते, तडकते आणि माणसाला पैशाने आणि मनाने पोखरत राहते. माझ्या एका सहकाऱ्याने रमजानच्या आधी फ्लॅट घेतला. उन्हाळा होता, भिंती कोरड्या, रंग नवा. सप्टेंबरात बेडरूमच्या भिंतीला लोणा लागला, ऑक्टोबरात छताचं पोपडं मुलाच्या अभ्यासाच्या वहीवर पडलं. बिल्डरने सांगितलं, वरच्या फ्लॅटवाल्याला सांगा. वरचा म्हणाला, बिल्डरला सांगा. आज तिथे दोन शेजारी एकमेकांचा सलाम घेत नाहीत.

कायद्याचं बोलायचं तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही सापडला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. लोकांना यातला पहिला भाग ऐकून बरं वाटतं. शेवटचा भाग नीट वाचा. साधी काळजी घेतली असती तर जो दोष दिसला असता, तो न सांगितल्याबद्दल या कलमाखाली विकणाऱ्याला धरता येत नाही. भिंतीला हातभर तडा होता आणि तुम्ही पाहिला नाही, तर ते तुमचं झालं.

रेराचा आधार सांगितला जातो. २०१६ च्या त्या कायद्यात कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, अशी तरतूद आहे. चांगली तरतूद आहे. पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर त्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी सक्तीची नाही. आता डोळ्यांसमोर आपल्या वस्त्या आणा. छोटे प्लॉट, त्यावर सहा किंवा आठ फ्लॅट, खाली दोन दुकानं. आपल्यातली किती घरं रेराच्या यादीत सापडतील, तुम्हीच सांगा. १९६३ चा जुना मोफा कायदा ताब्यानंतर तीन वर्षांतल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकतो, तो हाताशी आहे. पण ज्याच्याकडे नोंदणीकृत करार नाही, ताब्याचा कागद नाही, तो माणूस ही तीन वर्षं कुठून मोजणार? आणि जुना फ्लॅट दुसऱ्याकडून घेतला तर समोर बिल्डर नसतोच, तुमच्यासारखाच एक गरजू माणूस असतो.

दीन काय सांगतो, यावर आपल्याकडे विकणाऱ्याला उद्देशून पुष्कळ बयान होतात. धान्याच्या ढिगाची हदीस सगळ्यांना पाठ आहे. पैगंबर (स.) बाजारातून जात होते, त्यांनी ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणाऱ्याला त्यांनी आपल्यातून वेगळं काढलं. सहीह मुस्लिममधली ही घटना. इमाम साहेब तिच्यावरून व्यापाऱ्यांना धाक घालतात, तो घालायलाच हवा. मला मात्र त्यातला हात दिसतो. वरून ढीग कोरडा होता. ढिगात हात घातला म्हणून ओल कळली. घर घेणारे आपण हात घालतो का?

फिकहच्या जुन्या पुस्तकांत तर घर बघण्यावर सरळ चर्चा आहे. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा हक्क असतो, त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. मग प्रश्न आला की घराच्या बाबतीत 'पाहिलं' कशाला म्हणायचं? जुन्या इमामांचं मत होतं की अंगण किंवा बाहेरचा भाग पाहिला की पुरे. इमाम अबू हनीफांचे शागीर्द इमाम जुफर म्हणाले, नाही, आतल्या खोल्या पाहिल्याच पाहिजेत. बाराव्या शतकातल्या मरगिनानींनी 'हिदाया'त याचा निकाल असा लावला की पहिलं मत त्या काळच्या रिवाजाप्रमाणे होतं, तेव्हा घरं सारखी असत. आता घरांघरांत फरक आहे, तेव्हा आत शिरून पाहणं जरूर आहे. आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घर मातीचं, विटांचं, लाकडाचं होतं, आत शिरलं की सगळं दिसत होतं. आज सळई काँक्रीटच्या आत आहे, पाइप भिंतीच्या आत आहे, वायर पट्टीच्या आत आहे. मग आज 'पाहिलं' म्हणजे काय? माझ्या समजुतीप्रमाणे, ज्याला दिसतं त्याला दाखवणं. इमाम जुफर यांचाच मुद्दा पुढे नेला तर तो इंजिनिअरपाशी येऊन थांबतो. (कुणा आलिमांना हे चुकीचं वाटलं तर जरूर सांगावं.)

त्याच फिकहमध्ये दुसरी बाजूही आहे. दोष निघाल्यास माल परत करायचा हक्क, खियार-ए-ऐब, घेणाऱ्याला आहे. पण विकणाऱ्याने सौद्याच्या वेळीच 'कुठल्याही दोषाला मी जबाबदार नाही' अशी अट घातली आणि घेणाऱ्याने ती मानली, तर हनफी मतानुसार विकणारा सुटतो. आपल्याकडच्या मसुद्यांत 'मिळकत आहे त्या स्थितीत पाहून, पसंत करून घेतली' असं वाक्य असतं. मी ते वाचून दाखवतो तेव्हा लोक मान हलवतात आणि पुढचं वाचा म्हणतात.

आता नगरचं बघू. आपल्या भागात दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. शेतीची जमीन काळी, गाव वसतं ती पांढरी. बापजाद्यांनी गाव पांढरीवर वसवलं ते उगाच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला रुंद भेगा पडतात. शहराबाहेर गेल्या तीस वर्षांत जे प्लॉटिंग झालं, त्यातलं बरंच काल-परवापर्यंतच्या शेतात झालं. अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. तो नेला की वरच्यावर उरकला, हे रंगवलेल्या भिंतीवरून कळत नाही. दोन-चार पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढते, तेव्हा कळतं.

आणि आपलं नगर पर्जन्यछायेतलं. पाऊस कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. म्हणजे वर्षातले नऊ-दहा महिने इथलं कुठलंही घर कोरडंच दिसतं. आमच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी आहेत. ते म्हणतात, "सर, पोरीचं स्थळ रागात असताना बघावं अन् घर पावसात." शक्य असेल तर सौदा सप्टेंबरपर्यंत लांबवा. शक्य नसेल तर निदान तळमजल्यावरच्या आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांना भेटा, गेल्या पावसाळ्यात काय झालं ते विचारा. पुरुषांना विचारून उपयोग नाही, ते "सब ठीक है" म्हणतात. बायकांना विचारू द्या. नळ दिवसाआड येतो की कसा, वरच्या मजल्यावर पाणी चढतं का, ड्रेनेज कितीदा तुंबतं, हे सगळं त्या दहा मिनिटांत सांगतात. घर बघायला घरातल्या बाईला शेवटी नेण्याची आपली पद्धत मला कधीच कळली नाही. चोवीस तासांतले वीस तास तिथे तीच राहणार आहे.

काही गोष्टी कुणालाही बघता येतात. गवंड्याकडे ओळंबा असतो, तो भिंतीला आणि कॉलमला लावून बघा. पाणसळ नसेल तर मुलाच्या खिशातली गोटी फरशीवर ठेवा, कुठे पळते ते दिसेल. रुपयाच्या नाण्याने गिलाव्यावर आणि टाइल्सवर टिचक्या मारा, पोकळ आवाज लगेच कळतो. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि काही वेळाने खालच्या मजल्याच्या छताकडे बघा. गच्चीवर पाणी साचल्याचे काळे डाग शोधा. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत नवी रंगवलेली असेल तर मालकाला कारण विचारा. वीजपेटी उघडा, अर्थिंग आहे का बघा.

भेगांना मात्र घाबरायचं किती आणि दुर्लक्ष करायचं किती, हे आपल्याला ठरवता येत नाही. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषा सगळ्या घरांत असतात, त्यावरून भाव पाडणारेही मी पाहिलेत. पण कॉलमच्या कडेने वर-खाली सरळ गेलेली भेग ही वेगळी गोष्ट आहे. आत सळई गंजली की ती फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. अशा भेगेवर पुट्टी भरून रंग मारला की ती वर्षभर दिसत नाही. हे ओळखायला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. तो रिबाउंड हॅमरने काँक्रीट ठोकून त्याच्या मजबुतीचा अंदाज घेतो, आतली सळई किती खोल आहे ते यंत्राने बघतो. आणि तो एक प्रश्न विचारतो, जो आपल्या वस्त्यांत सर्वांत महत्त्वाचा आहे. पाया किती मजल्यांसाठी घातला होता?

आपल्याकडे इमारती पोटासारख्या वाढतात. आधी तळमजला, मग मुलाचं लग्न म्हणून पहिला, मग भाड्यासाठी दुसरा, मग विकायला तिसरा आणि चौथा. विकायला काढलेला वरचा फ्लॅट चकाचक असतो, ग्रॅनाइटचा ओटा, पीओपीचं छत. त्याच्याखालचे कॉलम दोन मजल्यांसाठी उभे केलेले असतात. खाली दुकानासाठी एखादी भिंत काढलेली असते, कधी कॉलमही तासलेला असतो. म्हणून वरचा फ्लॅट बघायचा तर सुरुवात तळमजल्याच्या दुकानापासून करा. मंजूर नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग मागा. नकाशात तीन मजले आणि डोळ्यांसमोर पाच, असं असेल तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा, भाव कितीही कमी असो. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. ते दाखवा म्हणा.

कागदांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यासाठी वकील आहे आणि त्याची फी द्यावी. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, फेरफार, बिगरशेती आदेश किंवा गुंठेवारी नियमित झाल्याचा दाखला, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. सीनेच्या बाजूला असेल तर पूररेषेच्या आत आहे की बाहेर. भिंगार-मुकुंदनगरकडे लष्कराची हद्द जवळ असेल तर ना हरकतीचा काही प्रश्न आहे का. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदी नव्हे. मुखत्यारपत्रावर घर विकत घेतल्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्पच्या निकालात २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. तरीही आपल्याकडे नोटरीवर व्यवहार चालूच आहेत.

एक कागद मात्र आपण विशेष करून बघायला हवा. जमीन वक्फची किंवा इनामाची तर नाही ना? सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दर्गा, मशीद, कब्रस्तान, मुजावर, काझी असा कुठला उल्लेख दिसला तर थांबा. वक्फ मिळकतीची विक्री मुळातूनच रद्दबातल, असं २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात घातलं गेलं. ती विकणारे बहुतेक वेळा आपलेच असतात आणि घेणारेही आपलेच. वक्फ वाचवा म्हणून मोर्चात चालणाऱ्याने स्वतःचा सातबारा एकदा तरी नीट वाचलेला असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

या सगळ्यावर एक उत्तर मला हमखास मिळतं. "सर, तुम्ही म्हणता ते बरोबर, पण आम्हाला पर्याय कुठे आहे?" हे उत्तर खोटं नाही. नावं ऐकून फ्लॅट 'कालच गेला' असं सांगितलं जातं, हे सावेडीकडे घर शोधलेल्या आपल्यातल्या कुणालाही विचारा. सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलं की मुस्लिमांना हव्या त्या ठिकाणी घर विकत किंवा भाड्याने मिळणं अवघड जातं आणि ते ठरावीक वस्त्यांत गोळा होतात. गिऱ्हाईक ठरावीक गल्ल्यांतच अडकलं की तिथला भाव चढतो आणि बांधकामाचा दर्जा उतरतो, कारण बिल्डरला माहीत असतं, हा जाणार कुठे? या अन्यायाविरुद्ध बोललंच पाहिजे आणि मी बोलतो. पण पर्याय कमी आहेत म्हणून तपासणी सोडायची, हे गणित मला उलटं वाटतं. ज्याला दहा घरं बघायला मिळतात त्याची एक निवड चुकली तर तो सावरतो. ज्याला दोनच मिळतात त्याला चुकायची सोय नाही. आणि या वस्त्यांतले बिल्डर बाहेरचे नाहीत. बाहेरच्यांनी दार बंद केलं म्हणून आतल्याने कमी सळई घालावी, याला भेदभाव हे कारण पुरत नाही.

दुसरं उत्तर असतं शरमेचं. "आपल्या माणसावर शंका कशी घ्यायची? तपासायला माणूस नेला तर त्याला वाईट वाटेल." कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, देण्याघेण्याचं लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. ती उतरली तेव्हा पैगंबरांचे सहाबी एकमेकांशी व्यवहार करत होते. त्यांच्यापेक्षा आपला बिल्डर जास्त विश्वासाचा आहे का? ज्याचं काम चोख असतं त्याला ओळंब्याचं वाईट वाटत नाही. आमच्या भागात एक ठेकेदार आहे, तो स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो, स्लॅबच्या दिवशी या, सळई मोजा, मगच ट्रक उलटू देतो. त्याचे फ्लॅट महाग असतात आणि लवकर जातात.

खर्चाचं म्हणाल तर तीस लाखांचं घर घेताना ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १ लाख ८० हजार आणि नोंदणी फी ३० हजार आपण मुकाट्याने भरतो. वास्तूच्या दावतीला बिर्याणीच्या किती डेग लागल्या याचा हिशेब वर्षभर सांगतो. इंजिनिअरची फी त्या एका डेगेच्या आसपास असते. ती मात्र फुकट गेली असं वाटतं, कारण त्याने 'घर ठीक आहे' एवढंच सांगितलं तर हातात काय आलं?

मला वाटतं, हे काम एकेकट्याने करण्याऐवजी जमातीने हातात घ्यावं. प्रत्येक मोठ्या मशिदीच्या ट्रस्टकडे मय्यतीचं सामान असतं, जनाजा असतो, काहींकडे अँब्युलन्स आहे. एक वही इंजिनिअरांची असू दे. आपल्याच मोहल्ल्यांतली पोरं पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन निघतात आणि पुण्याला साइटवर सुपरवायझर होतात. त्यांच्यातले दोघे-तिघे आणि अनुभवी, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर एक, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो. एक वकील. फी ठरलेली, अहवाल लेखी, मराठीत, आणि हवा असेल त्याला मी उर्दूत करून देईन. जी गरीब कुटुंबं बयाण्याच्या आधी येतील त्यांची फी ट्रस्टने भरावी. बयाण्यानंतर येणाऱ्याला अहवाल द्यावा, पण त्याचा उपयोग निम्माच, कारण पैसे अडकलेला माणूस वाईट अहवालही चांगला करून वाचतो. तो मोह मी माझ्या टेबलावर रोज बघतो.

मागे एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एका बांधकाम व्यावसायिकाने लगेच तयारी दाखवली की इंजिनिअरचा खर्च आम्ही बिल्डर लोक मिळून देऊ. लोकांना फार आवडलं. मी नको म्हटलं. ज्याची फी विकणाऱ्याने दिली, त्याचा अहवाल विकणाऱ्याचाच. फी घेणाऱ्यानेच द्यायची, नाहीतर ट्रस्टने.